खांद्यावरची चार बोटं

चार बोटं दिसत होती, अंगठा नव्हता. खांबावर चिकटवलेल्या कागदाच्या डाव्या कडेला, फोटोतल्या माणसाच्या खांद्यावर, कोटाच्या शिवणीच्या किंचित आत ती टेकली होती. तीन एकमेकांना चिकटून आणि पहिलं जरा फटकून. छपाई साध्या प्रिंटरवरची होती, राखाडी रंगाच्या दोनतीनच छटा उरल्या होत्या, तरी मधल्या बोटाच्या पेरावर एक काळा ठिपका स्पष्ट दिसत होता. शाईचा थेंब असेल म्हणून बिसेरानं हातमोजा काढून त्यावर नख घासलं. ठिपका निघाला नाही. ट्रामच्या थांब्याच्या काचेवर तसाच दुसरा कागद चिकटवलेला होता, त्यावरही तो त्याच जागी होता. म्हणजे ठिपका मूळ छायाचित्रातलाच. बोटं आपली आहेत हे तिला आधी कळलं. माणूस ल्युबेन आहे हे त्यानंतर. आणि ल्युबेन मेला आहे, त्याला जाऊन चाळीस दिवस झाले आहेत, हे सगळ्यात शेवटी कळलं, कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत तेच छापलेलं असूनही. या शहरात कुणी गेलं की, आणि पुन्हा चाळीसाव्या दिवशी, असे कागद खांबांवर, दारांवर लागतात; इतकी वर्षं ते वाचून डोळ्यांना सवय झाली होती. मथळा ओलांडून नजर आधी चेहऱ्याकडे जायची, ओळखीचा नसला की पुढे सरकायची.

ती या भागात बुटाची चेन बदलून घ्यायला आली होती. ल्युबेन याच रस्त्यावर, पुढच्या चौकाजवळ राहायचा, पण वर जाऊन बेल वाजवावी असं तिच्या मनात नव्हतं. त्यांच्यात तशी रीत नव्हती. थांब्यावर एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन उभी होती. बिसेराचं नख अजून काचेवर होतं. "ओळखीचे होते का हो?" बाईनं विचारलं. "एका वर्गात होतो," बिसेरा म्हणाली. "देव क्षमा करो," बाई म्हणाली, आणि बिसेरानंही लगेच म्हटलं, "देव क्षमा करो." ते शब्द तोंडातून इतके सहज गेले की ते ल्युबेनसाठी म्हटले गेले हे तिच्या थोडं उशिरा ध्यानात आलं. ट्राम आली, बाई चढली. बिसेरा चढली नाही.

तो ठिपका सिल्व्हर नायट्रेटचा होता. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका आठवड्यात सगळ्या वर्गाला पाण्यातल्या क्लोराइडचं टायट्रेशन करायला दिलं होतं, आणि हातमोजे कुणाला मिळत नव्हते. द्रव हाताला लागतो तेव्हा काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी उजेडात त्वचा काळी पडते आणि साबणानं, लिंबानं, राखेनं, कशानंच जात नाही; त्वचा झडून नवी येईपर्यंत वाट पाहायची. शेवटच्या दिवशी कुणीतरी फॅकल्टीच्या इमारतीच्या पायऱ्यांवर सगळ्यांचा फोटो काढला. ल्युबेन मध्ये होता. त्याचा कोट थोरल्या भावाचा होता, खांद्यात रुंद. बिसेरानं त्या खांद्यावर हात ठेवला होता. फोटोत सगळेच एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवतात, त्यात काही विशेष नसतं. पण तिनं तो ठेवण्याआधी कोटाच्या कापडापासून वीतभर अंतरावर काही क्षण तसाच धरला होता. मग फोटो काढणारा ओरडला, "हलू नका रे!" आणि तिनं तो खाली टेकवला. कापड जाड होतं, उन्हानं तापलेलं. पुढच्या आयुष्यात बिसेरानं बऱ्याच गोष्टी मोजल्या, शहराचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत निवृत्त होईपर्यंत दुसरं काही केलंच नाही. पण त्या कापडाची ऊब मात्र तिनं कधी कशाशी ताडून पाहिली नव्हती. ती होती तशीच राहिली होती.

पुढच्या थांब्यापर्यंत ती चालत निघाली. चालता चालता ती माणसं आठवू लागली, एकेक. किना. प्रोदान. वार्नाला गेलेली जुळी भावंडं. ल्युबेनची बायको स्तेफका, जी त्यांच्या वर्गातली नव्हती, पण इतक्या वर्षांत झाल्यासारखीच झाली होती. यांच्यापैकी कुणीतरी कळवायला हवं होतं. कळवायचं काम वर्गात बिसेराचं होतं. ते तिच्याकडे कुणी सोपवलेलं नव्हतं, तिनंही मागून घेतलं नव्हतं. भांड्याच्या तळाशी साका बसतो तसं ते तिच्याकडे येऊन बसलं होतं. नावदिवसाला, म्हणजे ज्याच्या-त्याच्या नावाच्या संताच्या दिवशी, फोन करायचा तिनं. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाचा मुलगा माद्रिदला गेला, कुणाची बायको गेली, हे एकाकडून ऐकायचं आणि बाकीच्यांना सांगायचं तिनं. मे महिन्यात जेवणाची जागा ठरवायची तिनं. तिचं लग्न झालं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. किना म्हणायची, "तुला वेळ आहे ना, बाई." तिच्या स्वतःच्या नावाचा संत कॅलेंडरात नेमका कुठे, यावर मात्र एकमत नव्हतं, कुणी उन्हाळ्यातला दिवस सांगे, कुणी हिवाळ्यातला. त्यामुळे तिला कुठल्याच दिवशी कुणाचा फोन येत नसे, आणि त्यात कुणाचा दोष आहे असं तिला वाटत नसे. भेटण्यासाठी ठरलेला गुरुवार होता, महिन्यातला पहिला, पोस्टामागच्या मिठाईच्या दुकानात. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र भेटी बंद. फुटपाथवर बर्फाचा थर असतो, आणि दोन वर्षांपूर्वी प्रोदानचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तसं ठरलंच होतं. यंदा मार्चचा पहिला गुरुवारही बर्फ वितळेना म्हणून पुढे ढकलला होता. ल्युबेन त्याच मधल्या रिकाम्या जागेत गेला होता.

आणि मग तिला गोंडा आठवला. ती एका बेकरीसमोर उभी राहिली, आतून तव्यावरच्या लोण्याचा वास येत होता. मार्चच्या पहिल्या तारखेला सगळं शहर मनगटावर लाल-पांढऱ्या धाग्यांचे गोंडे बांधतं. झाडाला पहिला मोहोर किंवा आकाशात पहिला करकोचा दिसेपर्यंत ते काढायचे नाहीत. तिच्या स्वतःच्या मनगटावर कोटाच्या बाहीखाली एक होता. दर वर्षी फेब्रुवारी संपता संपता ती लोकरीचे गोंडे वळून वर्गातल्या प्रत्येकाला टपालानं पाठवायची. यंदाही पाठवले होते. ल्युबेनच्या पाकिटात नेहमीसारखी चिठ्ठी होती: ठणठणीत राहा, गाल लाल राहू देत, पुढच्या वर्षी पुन्हा. पाकीट पेटीत टाकताना कोपरा अडकला होता, तिनं तो अंगठ्यानं आत ढकलला होता. ते पाकीट मेलेल्या माणसाच्या घरी गेलं होतं, चाळीसावा दिवस व्हायच्या आत. स्तेफकानं ते फोडलं असणार. आरशांवर अजून सुतकाच्या चादरी टाकलेल्या असणार, आणि तिच्या हातात तो लाल गोंडा.

घरी आल्यावर तिनं बूटही न काढता किनाला फोन लावला.

"किना, ल्युबेन गेला."

"हो गं राणी," किना म्हणाली. आवाज मऊ होता, आणि शब्दाशब्दात जागा सोडलेली. किनानं तिला जन्मात कधी राणी म्हटलं नव्हतं. ती तिला 'ए ब्युरेट' म्हणायची, प्रयोगशाळेतल्या त्या काचनळीसारखी थेंबथेंब बोलते म्हणून.

"मला कुणी सांगितलं नाही."

"असं कसं? मीच सांगितलं ना. मी केला होता फोन."

"कधी?"

"अगं, तो गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. सकाळी. तू म्हणालीस, देव क्षमा करो. आणि मग विचारलंस, तुमच्या गल्लीत निसरडं आहे का."

बिसेरानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. ते वाक्य तिचं होतं. कुणाच्या मरणाची बातमी ऐकल्यावर काय बोलावं हे तिला कधीच सुचत नसे, आणि ती हटकून असलंच काही विचारायची: रस्ता कसा आहे, पाणी येतंय का. किनाला खोटं बोलायचं असतं तर तिला हे सुचलंच नसतं. "अंत्यविधीला होते का मी?" तिनं विचारलं.

"हे काय विचारणं झालं? तुलाच माहीत."

"तू सांग. तुला दिसले का?"

"आता बघ," किना म्हणाली, "बर्फ पडत होता. सगळ्यांनी कानटोप्या घातलेल्या. तू नेहमी मागेच उभी राहतेस. मी प्रोदानला म्हटलं, बिसेरा कुठाय? तर म्हणाला, असेल की मागं, कुठं जातेय."

"म्हणजे कुणी पाहिलं नाही."

"म्हणजे तू नव्हतीस असं कुणाच्या मनातच आलं नाही गं. तू नाहीस असं कधी झालंय का?" किना आणखी मऊ आवाजात म्हणाली, "तो गोंडा गेला ना तुझा, तेव्हा स्तेफकानं मला फोन करून चिठ्ठी वाचून दाखवली. रडत होती बिचारी, आणि मध्येच हसायलाच लागली. आम्ही म्हटलं, जाऊ दे. वय झालं, होतं असं. बिसेराला बोलायचं नाही, तिला वाईट वाटेल."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळेच गं."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ दारातल्या स्टुलावर बसून राहिली. बुटांखाली पाण्याचं थारोळं झालं. सगळेच. म्हणजे वार्नाच्या जुळ्यांनाही कळवलं होतं. म्हणजे किनानं प्रोदानला, प्रोदाननं जुळ्यांना, स्तेफकानं सगळ्यांना फोन केले होते, आणि त्यातले अर्धे ल्युबेनविषयी होते आणि अर्धे तिच्याविषयी. ज्या तारा तिनं चाळीसेक वर्षं एकटीनं ताणून धरल्या असं तिला वाटत होतं, त्या तिच्याशिवाय उत्तम चालत होत्या. त्यांवरून तिची बातमीसुद्धा गेली होती, तिला वगळून, ज्या काळजीनं आजाऱ्याला वगळतात त्या काळजीनं. तिला राग यायला हवा होता. राग यायला एक गोष्ट पक्की असावी लागते, आणि तीच नव्हती. प्रयोगशाळेत दोन माणसांची दोन वाचनं जुळली नाहीत तर तिसऱ्यांदा मोजायचं, आणि मोजण्याआधी नुसतं शुद्ध पाणी घेऊन उपकरणच चुकत नाही ना हे पाहायचं. इथे उपकरण तिचं डोकं होतं. त्याला तपासायला शुद्ध पाणी कुठून आणायचं? घरातल्या जुन्या फोनला पडदा नव्हता, आलेला फोन तो लक्षात ठेवत नव्हता. ती डोळे मिटून आठवू लागली, आणि आठवलं: ती खिडकीशी उभी आहे, हातात रिसीव्हर, बाहेर राखाडी उजेड, खाली एक माणूस मिठाची बादली घेऊन पायऱ्यांवर मीठ फेकतोय, आणि ती म्हणतेय, निसरडं आहे का. चित्र स्वच्छ होतं. पण ते कुठल्या मरणाचं? वर्गातला योर्दान गेला तोही जानेवारीत. त्याआधी किनाची बहीण, तीही हिवाळ्यातच. म्हातारी माणसं हिवाळ्यात जातात, आणि फोन सकाळीच येतात. जणू कपाटात बाटल्या ओळीनं ठेवलेल्या, वरच्या चिठ्ठ्या धुऊन गेलेल्या, आत सगळीकडे रंगहीन द्रव. चव घेऊन बघायची सोय नाही.

त्या आठवड्यात ती स्वतःवर नजर ठेवून वागली. कुलूप लावल्यावर लावलं असं मोठ्यानं म्हणाली. जुन्या सहकाऱ्यांची नावं, त्यांच्या मुलांची नावं, कुठल्या विहिरीच्या पाण्यात लोह जास्त निघायचं ते, सगळं आठवून पाहिलं. सगळं होतं. ल्युबेन नव्या वर्षाच्या फोनवर काय म्हणाला तेही होतं: "खोकल्याचं विचारू नकोस, दुसरं काहीतरी विचार," आणि तिनं दुसरं काही सुचेना म्हणून सांद्रशाळेच्या... नाही, पाणीपुरवठ्याच्या जुन्या साहेबाचं विचारलं होतं, ज्याला ल्युबेन ओळखतही नव्हता. इथे ती दचकली. सांद्रशाळा हा शब्द कुठून आला? असा शब्द तिला माहीतच नव्हता. मग स्वतःशीच म्हणाली, शब्द कुणाचेही चुकतात. पण रात्रभर तो कुसळासारखा टोचत राहिला. तिच्या ध्यानात येऊ लागलं की जे आठवतं त्याची कितीही जंत्री केली तरी काही सिद्ध होत नाही. विसरलेल्या गोष्टीची जागा रिकामी दिसत नाही. शेजारच्या गोष्टी सरकून तिथे बसतात, आणि फळी भरलेलीच दिसते. आईचं असंच झालं होतं का, ते आता विचारायला कुणी नव्हतं. तिच्या मनात दोन बिसेरा उभ्या राहिल्या. एकीला कुणी कळवलंच नव्हतं, कारण कळवणारी तीच, आणि तिला कळवायचं असतं हे कुणाला सुचलंच नाही. दुसरीला कळवलं होतं, आणि ती ल्युबेनचं मरण पेल्यातल्या पाण्यासारखं पिऊन विसरून गेली होती, इतकी की नंतर बसून त्याच्यासाठी गोंडा वळला. यातली कुठली बरी, हे तिला ठरवता येईना. पहिलीला माणसं नव्हती. दुसरीला ती स्वतःच नव्हती.

टेबलाच्या खणात पिवळं पाकीट होतं. योर्दान गेला तेव्हा त्याच्या बायकोनं कागदावर ओळखपत्रातला फोटो छापला होता, एक डोळा अर्धा मिटलेला, आणि गल्लोगल्ली खांबाखांबांवर तो तसा डोळा मारत होता. त्या दिवशी जेवताना प्रोदान म्हणाला होता, "माझ्या ओळखपत्रात मी कोंबडीचोर दिसतो. मी आत्ताच चांगला फोटो देऊन ठेवतो. बिसेरा, तू ठेव. तू सगळ्यांच्या मागून जाणार, तुला काय धाड भरलीय." सगळे हसले होते, आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांनी खरोखरच आणून दिले होते. किनानं चांगला रंगवून घेतलेला, स्टुडिओतला. प्रोदाननं सैन्यातला, केस असतानाचा. ल्युबेननं समुद्रावरचा: उघडा, उन्हानं डोळे बारीक केलेले, काखेत कलिंगड. मागे लिहिलेलं, "हाच. सूट घातलेला लावलात तर येऊन छळीन." तो फोटो तिच्याकडे होता, आणि शहरभर ल्युबेन भावाच्या कोटात, कापून काढलेल्या चित्रात, कुणाच्या तरी चार बोटांसकट लागला होता. त्याच्या मरणात तिच्याकडे करण्यासारखं एकच काम होतं, आणि त्यासाठीही कुणाला तिची गरज पडली नव्हती. तिचा स्वतःचा फोटो मात्र पाकिटात नव्हता. दर वर्षी किना विचारायची आणि ती म्हणायची, मे महिन्यात देते. तिनं शोधले नव्हते असं नाही. जे होते त्यात ती दुसरीकडेच कुठेतरी बघत होती, किंवा मागच्या रांगेत होती, किंवा फोटोत नव्हतीच, कारण कॅमेरा तिच्या हातात होता.

पायऱ्यांवरचा फोटो खोक्याच्या तळाशी सापडला. ती तो खिडकीपाशी घेऊन गेली आणि प्रयोगशाळेतलं जुनं भिंग काढलं. ल्युबेन मध्ये. त्याच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला किना. दोघींचे हात त्याच्या पाठीमागे गेलेले. त्याच्या मागे, वरच्या पायरीवर, प्रोदान, त्याचेही हात खाली आलेले आणि दिसेनासे झालेले. आणि खांद्यावर चार बोटं. बिसेरानं ती बराच वेळ पाहिली. अंगठा असता तर हात उजवा की डावा ते कळलं असतं, आणि हात कळला असता तर माणूस. अंगठा कोटामागे होता. मधल्या बोटाच्या पेरावर ठिपका होता, पण त्या आठवड्यात ठिपके सगळ्यांच्याच हातांवर होते. तिनं आपला हात उजेडात धरला. कातडीवर वयाचे तपकिरी डाग होते; बोटं सांध्यात जाड झाली होती; फोटोतल्या बोटांशी त्यांचा मेळ बसत होताही आणि नव्हताही. तापलेल्या कापडाची ऊब तिला अजून आठवत होती. पण ऊब तर निसरड्या रस्त्याइतकीच स्पष्ट आठवत होती.

गुरुवारी ती सगळ्यांत शेवटी पोचली. तिला आधी पोचायची सवय होती, म्हणून सगळे दाराकडेच बघत बसले होते. प्रोदान काठी टेकून अर्धवट उठला. स्तेफका काळ्या कपड्यांत होती, तिच्यासमोर प्लास्टिकच्या पेल्यांत गेलेल्याच्या नावानं वाटायचे उकडलेले गोड गहू, वर पिठीसाखर. किनानं बिसेरासाठी भिंतीकडची खुर्ची ओढली, कोट काढायला मदत केली, आणि बाही ओढताना म्हणाली, "हं, आता हा हात." बिसेरानं तो हात दिला.

तिनं स्तेफकाला जवळ घेतलं. "गोंड्याचं..." ती म्हणाली.

"असू दे," स्तेफका म्हणाली. "टाकवेना मला. त्याच्या क्रॉसला बांधलाय. तिथे सगळ्या थडग्यांमध्ये त्याचंच लाल दिसतं. शेजारच्या बायका विचारतात."

"मला माहीत नव्हतं, स्तेफका."

"हो हो," स्तेफका म्हणाली आणि तिचा हात थोपटला. किनानं प्रोदानकडे पाहिलं. त्या पाहण्यात वाईट काही नव्हतं.

गहू खाताना सगळ्यांनी देव क्षमा करो म्हटलं. प्रोदाननं कॉन्याक मागवली, घोट घेण्याआधी थोडी जमिनीवर सांडली, आणि दुकानातल्या पोरीनं फरशी पुसायचं फडकं आणलं तेव्हा म्हणाला, "बाळ, ते मित्राचं आहे, त्याला पिऊ दे." मग वळून म्हणाला, "पण स्तेफका, कलिंगडवाला का नाही लावलास? तो आता येऊन छळणार. आधी कुणाला छळतो बघू. किनाकडे जाईल, तिच्याकडे उरलीसुरली राकियाची बाटली असते."

"मला कुठे माहीत होतं कलिंगडाचं?" स्तेफका म्हणाली. "पाकिटात म्हणे आहे. मला तर हा एकच बरा मिळाला. दोन्हीकडे या दोघी होत्या, मुलाला म्हटलं काप."

"तरी माझा हात राहिलाच की," किना हसून म्हणाली. "मी तो कागद पाहिला आणि म्हटलं, अगं बाई, मेल्यावरसुद्धा याला मीच धरून ठेवलंय."

"तुझा कसला हात!" प्रोदान म्हणाला. "तो माझा पंजा आहे. मी वरच्या पायरीवर होतो. मी याला खाली दाबत होतो, उंच दिसायला टाचा वर करत होता लेकाचा."

"तुझी बोटं म्हणजे काकड्या, ही नाजूक आहेत."

"तेव्हा माझीही नाजूक होती. तेव्हा तूही नाजूक होतीस, वर्गभगिनी!"

ते हसले, स्तेफकासुद्धा हसली, डोळे पुसत. बिसेराकडे कुणी पाहिलं नाही. तिच्या पिशवीत भिंग होतं आणि पायऱ्यांवरचा फोटो होता. तिनं पिशवीत हात घातला, फोटोचा कोपरा बोटांना लागला, आणि तिथेच तिनं तो राहू दिला. तो बाहेर काढला असता तर सगळ्यांनी डोकी जुळवून पाहिलं असतं आणि काही ठरलं नसतं. आणि ठरलं असतं तर ते आणखी वाईट. ती खाली फरशीकडे बघत होती. कॉन्याकचा डाग कडेनं वाळत चालला होता, मध्ये अजून ओला होता.

"बिसेरा," किना म्हणाली. तो मऊ आवाज पुन्हा आला. "आम्ही म्हणत होतो, ते पाकीट आता माझ्याकडे दे. तुला कशाला उगाच डोक्याला ताप."

"हो, नाहीतर आमची अदलाबदल करशील," प्रोदान म्हणाला, "आणि किनाच्या नावावर मला चिकटवशील." किनानं त्याला टेबलाखालून लाथ मारलेली सगळ्यांना कळली. "गंमत केली गं," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

बिसेरानं पिवळं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. ते तिनं घरून निघतानाच घेतलं होतं. कुणी मागणार हे तिला कुठून कळलं होतं, तिला सांगता आलं नसतं. किनानं ते उघडून आतले फोटो पत्त्यांसारखे पसरले. स्वतःचा बघून मान वाकडी केली, कलिंगडवाला स्तेफकाकडे सरकवला. स्तेफकानं तो पालथा करून मागचं वाचलं आणि तसाच पालथा छातीशी धरला. किना पाकीट झटकत होती, आणखी काही पडतं का पाहत.

"तुझा नाहीच अजून," ती म्हणाली. "आता काय म्हणशील, मे महिन्यात देते?"

बिसेरानं कपातल्या चहात चमचा फिरवला. साखर केव्हाच विरघळली होती. तिला वाटलं होतं हे नीट बोलता येणार नाही, म्हणून तर इतकी वर्षं मे महिना पुढे ढकलला होता. पण आवाज साधा आला, रस्ता कसा आहे विचारताना येतो तसा.

"माझा देणार नाही," ती म्हणाली. "मी गेले की माझा कागद लावू नका. कुठेच. खांबावर नको, दारावर नको, फॅकल्टीतही नको."

किनाचा हात पाकिटात तसाच राहिला.

"वेडी का खुळी?" प्रोदान म्हणाला. या वेळी तो गंमत करत नव्हता. "कागद नाही लावला तर लोकांना कळणार कसं?"

"नाही कळणार," बिसेरा म्हणाली.